ज्याची त्याने पुसावी

आनंदीबाई ओकल्या तेव्हा लवूबुवांचा उजवा हात हवेत होता. मृदंगावर थाप पडायची बाकी होती आणि इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये कीर्तनाला सतरंज्यांवर बसलेली सगळी मंडळी पुढच्या शब्दाकडे कान लावून होती. नेमक्या त्या शांततेत ते झालं. एक ओला, ढेकरासारखा आवाज, आणि टाळकऱ्यांसाठी अंथरलेल्या पांढऱ्या चादरीच्या काठावर एकादशीची खिचडी. साबुदाण्याचे फुगलेले दाणे, शेंगदाण्याचा कूट, पिवळट पाणी, आणि बटाट्याची एक फोड, न चावताच गिळलेली, जशीच्या तशी. दत्ताराम आईपासून हातभर अंतरावर होता. बायकांची रांग जिथे संपत होती तिथे आई, पुरुषांची जिथे सुरू होत होती तिथे तो, आणि मध्ये ये-जा करायला सोडलेली चिंचोळी वाट. त्या वाटेवर ते पसरलं, आणि दत्तारामने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मान वर केली. वर छताला सांडपाण्याचा पाइप होता. त्याच्या सांध्याला गोणपाटाची चिंधी गुंडाळलेली होती. ती कधीची बदलायची राहिलीय, प्लंबरला सांगायला हवं, हे त्याच्या मनात इतकं स्वच्छ आलं की क्षणभर त्याला वाटलं, आपण त्याच कामासाठी इथे येऊन बसलोय.

मान वर करायची ही सवय जुनी होती, परळच्या चाळीतली. त्या चाळीत एक कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण सरकारी कायद्याहून कडक होता. गॅलरीत, जिन्यात, नळावर कुणाला उलटी झाली, तर ज्याला ती आधी दिसेल त्याने ती पुसायची. ओकणारा बिचारा आजारी, त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्या दारात जाऊन ओरडायचं नाही. दिसली की ती आपली. कुणा पुण्यवंताने हा कायदा केला असेल तो असो, त्याचं फळ असं निघालं की सगळी चाळ आभाळाकडे बघत चालायला शिकली. सकाळी कामावर निघालेले गिरणीवाले, दुधाची बाटली घेऊन येणाऱ्या बायका, शाळेची पोरं, सगळ्यांच्या माना वर आणि पावलं मात्र बरोबर बाजूने. आंधळ्यालासुद्धा इतकं नेमकं चुकवता आलं नसतं. आणि त्या सगळ्या चाळीत डोळे असलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे आनंदीकाकू, दत्तारामची आई. "दिसलं गं बाई मला!" असं ती म्हणायची, जशी कुणाची पडलेली नथ सापडावी, आणि राखेचा डबा घेऊन यायची. आधी राख, मग पुठ्ठ्याचा तुकडा, मग फडकं, आणि पाणी सगळ्यात शेवटी. "पाणी आधी ओतलं की घाण पळते रे, तिला आधी बसवायची," हे ती त्याला कौतुकाने सांगायची, दुसऱ्यांच्या आया भाकरीचं पीठ कसं मळायचं ते सांगतात तसं. पोरं त्याला गाठून विचारायची, "काय दत्त्या, आज तुझ्या आईला काय दिसलं?" हसून हसून लोळायची. एकदा तर कुणीतरी मुद्दाम हाक मारली, "काकू, इकडे बघा ना जरा," आणि ती बघायला गेली. तिला कळलं होतं. कळून गेली. दत्ताराम त्या वेळी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता आणि आईचा हात राखेत बुडालेला बघून त्याला तिची दया आली नव्हती. राग आला होता. ही न बघता का जाऊ शकत नाही? सगळी जातात.

म्हणून इथे, मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात स्वतःचा ब्लॉक झाल्यावर आणि सगळ्यांनी मिळून त्याला सेक्रेटरी केल्यावर, त्याने जो पहिला नियम केला तो चाळीच्या कायद्याच्या बरोब्बर उलटा केला. निमित्त आपोआप मिळालं. लिफ्टमध्ये, जिन्यात, वाढदिवसाचे केक खाऊन पोरं ओकायची, थर्टी फर्स्टला बापे ओकायचे, आणि सकाळी कुणाचंच नसायचं. झाडूवाली म्हणाली, कचरा उचलीन, हे नाही उचलणार. वॉचमन म्हणाला, "साब, ये मेरा काम नहीं." मग दत्तारामने कचेरीतल्या वळणदार अक्षरात नोटीस लिहिली, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत: सार्वजनिक जागेत ज्याची घाण त्याने स्वतः ताबडतोब स्वच्छ करावी, सबब चालणार नाही. खजिनदार जयकुमारभाई खूश झाले. "ये हुई ना बात, दत्तारामभाई. सबको सेम टू सेम." आणि खरंच, त्या नियमात त्याला एक न्याय दिसत होता. कुणावर कुणाचा भार नाही, कुणी पुण्य मिळवायचं नाही, कुणी हसायचं नाही. आपल्या पोटातलं आपण उचलावं. इतकं साधं आहे ते, असं तो नीलिमाला सांगायचा, आणि नीलिमा पोळी लाटता लाटता म्हणायची, "अहो, पण ओकून आलेल्या माणसाचे पाय लटपटत असतात."

"हे काय गं झालं, आई?" असं पलीकडून कुणी तरी विचारेल, असं आता दत्तारामला वाटलं. कुणी विचारलं नाही. लवूबुवांचा हात अजून वरच होता, की त्याला तसं वाटत होतं? वेळ लांबला होता, गुळाचा पाक तार धरतो तसा. आईने पदर तोंडाला लावला होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, चादरीकडे बघत होती. दुपारी तिने सांगितलं होतं त्याला. म्हणाली होती, "दत्ता, पोटात ढवळतंय रे, मी मागे बसते, खांबाला टेकून. तिथनं पण ऐकू येतं मला." कीर्तन म्हणजे तिचा जीव की प्राण. परळला असताना कीर्तन कुठेही असो, ती पायी जायची, आणि घरी आल्यावर बुवांच्या चाली भांडी घासताना म्हणायची, एक सूर कमी, एक सूर जास्त, पण डोळ्यांत पाणी असायचं. तिला मागे बसूनही चाललं असतं, आणि मुळात कीर्तन ठेवायचं सुचवलं होतं तिनेच. पण दत्तारामने ऐकलं नाही. सेक्रेटरीची आई खांबाआड बसलेली बरी दिसते का? सगळ्या कमिटीच्या घरची माणसं पुढे आहेत. "काही होत नाही, उपासाने होतं तसं. खिचडी खा चार घास, बरं वाटेल." तिने खाल्ली. त्याच्यासमोर बसून खाल्ली, एकेक घास, पोराला औषध पाजावं तशी स्वतःला पाजत. तेव्हाही त्याने बघितलं होतं आणि पेपर वर धरला होता.

आणि आता पलीकडून जागृतीबेनची नजर आली. जागृतीबेन, जयकुमारभाईंची बायको, पहिल्या मजल्यावरची. त्यांनी नुसता रुमाल नाकाला लावला आणि दत्तारामकडे बघितलं. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. तीच तर अडचण होती. नजरेत कुतूहल होतं, आता सेक्रेटरीसाहेब काय करतात याचं. कारण उन्हाळ्यात जे झालं ते जागृतीबेननी स्वतःच्या दारातून पाहिलं होतं. उत्तनची कोळीण शेवंती टोपली घेऊन जिना चढत होती, कधी सुके बोंबील, कधी मांदेली घेऊन यायची ती, लिफ्ट तिला बंद होती, वास राहतो म्हणून. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिने टोपली खाली ठेवली आणि भिंतीला हात लावून ओकली. जागृतीबेन ओरडल्या, "अरे दत्तारामभाई, जल्दी आवो, देखो तो सही!" दत्ताराम आला. दारं उघडली, माणसं जमली. त्याने आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती. म्हणाला, "खाली नोटीस लावलीय. ज्याची घाण त्याने काढायची." शेवंती म्हणाली, "काढतंय साहेब. थोरं पानी द्याल?" तो म्हणाला, नळ खाली आहे. ती खाली गेली, डबा भरून वर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. ओचा खोचून गुडघ्यावर बसताना तिने एकदा मान वर केली आणि सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "माझी हाय, मीच काढनार. पन ते बगाय एवरी मानसं कशाला उबी हाईत?" कुणीतरी हसलं. तेवढ्यात आई हातात तांब्या आणि पेपरात कसली तरी राख घेऊन दारात आली, उदबत्तीची असणार, इथे चूल कुठली, आणि दत्तारामने हाताने दार ओढलं. "आई, आत जा." ती आत गेली. रात्री जेवताना नुसतं म्हणाली, "पोटुशी होती रे ती." तो म्हणाला, "म्हणून?" त्या 'म्हणून'वर आईने ताटातलं लोणचं तेवढं बोटाने सरकवलं. पुढच्या मिटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याला पुन्हा सेक्रेटरी केलं. त्या टाळ्या त्याला आवडल्या. शेवंती परत कधी त्या इमारतीत आली नाही, त्यावर नीलिमा एकदाच म्हणाली, "आता बोंबील आणायला स्टेशनपर्यंत जा तुम्ही."

म्हणजे उठायचं तर सगळ्यांसमोर उठायचं. उठून, गुडघ्यावर बसून, आईची ओकारी पुसायची आणि मग उद्या जागृतीबेन जिन्यात गोड हसून विचारणार, मम्मी के लिए अलग रूल है क्या? आणि कुणी विचारलं नाही तरी ते विचारणार आहेत हे आपण रोज जिना चढताना ऐकणार. न उठायचं तर. न उठायचं तर काय होईल, हे त्याच्या मनात आलंच नाही, कारण न उठणं म्हणजे काही करणं नव्हतं. तो बसलेलाच होता. मागे बायकांच्या कडेला नीलिमा प्रसादाची पातेली राखत बसली होती, ती अर्धवट उठलेली त्याला दिसली, हातात पातेल्यावरचं फडकं. त्याने मान हलवली, अगदी थोडी. नाही. सेक्रेटरीच्या बायकोने पुसलं म्हणजे सेक्रेटरीनेच पुसलं. नीलिमा तशीच वाकलेली राहिली, ना उभी ना बसलेली. मग बसली. बसताना तिने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्याने नंतरसाठी बाजूला ठेवली.

त्याला वास आला. इतका वेळ आला नव्हता. आंबट, कोमट, आणि त्यामागे तुपातल्या जिऱ्याचा. आणि वासाबरोबर एस.टी. आली, कोकणात जाणारी, लाल, घाटात वळणं घेत हेलपाटणारी. त्या गाडीत तो दर वेळी ओकायचा. कंडक्टर आधीच दम द्यायचा, "बाई, पोराला सांभाळा, गाडीत घाण झाली तर उतरवीन." आईजवळ पिशवी नसायची. दत्तारामच्या तोंडाला पाणी सुटलं की तिला ते त्याच्याआधी कळायचं. ती दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्या हनुवटीखाली धरायची आणि तो त्या ओंजळीत ओकायचा, सगळं, आणि ती ते न सांडता खिडकीबाहेर टाकायची, गाडी वळणाला हळू झाली की. मग पदराच्या कोरड्या टोकाने त्याचं तोंड पुसायची, हात नंतर. शेजारच्यांना म्हणायची, "लेकरू आहे, राग धरू नका." त्या ओंजळीची ऊब त्याला आता हनुवटीला लागली, खरोखर लागली, आणि त्याने हनुवटी शर्टाच्या कॉलरला घासली. इतकं सगळं आठवून माणूस उठतो, अशी आपली समजूत असते. दत्ताराम उठला नाही. उलट त्याला आईचा पुन्हा तोच जुना राग आला. हिने तेव्हा ओंजळ का धरली? गाडीत ओकलो असतो तर उतरवलं असतं, दोघं रस्त्यावर उभे राहिलो असतो, संपलं असतं. तिने ओंजळ धरली म्हणून आज हे देणं अंगावर आलं.

लवूबुवा हे सगळं उभ्याने बघत होते. उभ्या माणसाला बसलेल्या माणसांचं सगळंच दिसतं. बुवा उत्तनच्या पलीकडच्या चौक गावचे. घरची होडी भावांच्या हवाली करून त्यांनी गळ्यात माळ घातली होती आणि समुद्रावर हाका मारून कमावलेला गळा देवाच्या पायी वाहिला होता. कीर्तनाच्या सुरुवातीलाच त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. "तुमच्या बिल्डिंगीत एक मला लय आवरलं. दाराला डोला हाय! कोन आलं ते आतनं दिसतं. आनि वलखीचा दिसला का दार उघरीत न्हाय!" पार्किंग हसून हलली होती, दत्ताराम सगळ्यांत मोठ्याने हसला होता. आता बुवांनी वर धरलेला हात खाली आणला. त्यांनी आनंदीबाईंकडे बघितलं नाही. चुकूनसुद्धा नाही. त्यांनी मृदंगवाल्याकडे मान फिरवली, टाळकऱ्यांना खूण केली आणि गळा मोकळा सोडला. "माऊली! आता नामाचा गजर. दोन्ही हात वर करा. आनि डोले मिटा. सगल्यांनी डोले मिटा! देव उघड्या डोल्यांनी खूप बघून झाला, आता मिटलेल्या डोल्यांनी बघू. मी सांगेपरत कोनी डोला उघराचा न्हाय. विठ्ठल, विठ्ठल!"

आणि थाप पडली. टाळ उसळले. अशा गजराचं सुख ज्याने घेतलंय त्यालाच ते कळतं. अंगातली हाडं टाळ होतात, आपण आहोत का नाही हे विसरायला होतं. क्षणात सगळी पार्किंग हात वर करून डोळे मिटून बसली, जयकुमारभाई, जागृतीबेन, बी विंगचे सगळे, पाठीमागची पोरंसुद्धा. एका म्हाताऱ्या बाईची लाज राखायला बुवांनी देवाचं नाव तिच्यावर पांघरलं होतं, शालीसारखं. दत्तारामला ते कळलं. त्याला हेही कळलं की आता कुणी बघत नाहीये. नियम बघत नाहीये, जागृतीबेन बघत नाहीत. हातभर अंतर. खिशात धुतलेला, इस्त्रीचा मोठा रुमाल आहे. मागे पातेल्यावर फडकं आहे, बादली खांबाशी आहे. उठावं, पुसावं, बसावं, कुणाला कधी कळणारसुद्धा नाही. त्याने आईकडे बघितलं. त्या सगळ्या गर्दीत दोघांचेच डोळे उघडे होते. तिने मागितलं काहीच नाही. तिच्या नजरेत विनवणी असती तर त्याला नकार तरी देता आला असता. ती नुसती बघत होती, तो काय करतो ते, शांतपणे, आणि तिच्या हनुवटीवर साबुदाण्याचा एक दाणा चिकटलेला होता.

दत्तारामने हात वर केले आणि डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांना ऐकू जास्त येतं. टाळांच्या खालून, मृदंगाच्या खालून, त्याला कापडाचा आवाज येत होता. ओलं लुगडं फरशीवर ओढल्याचा. मध्येच तिचा श्वास, गुडघा टेकल्याचा 'आई गं', अगदी हळू. मग पुन्हा कापड. राख नव्हती, पुठ्ठा नव्हता, पाणी नव्हतं, ती नुसत्या पदराने करत असणार. त्याने टाळ्या जोरात वाजवायला घेतल्या. विठ्ठल विठ्ठल म्हणायला घेतलं, घसा फाडून, जसं कधी म्हटलं नव्हतं तसं, आणि खरं सांगायचं तर त्या ओरडण्यात त्याला थोडी तंद्रीही लागली. बुवा गजर थांबवत नव्हते. एकदा संपतोय असं वाटलं आणि त्यांनी पुन्हा वरचा स्वर धरला. बुवांचं काय चाललंय, ते कुणाची वाट बघतायत, हा विचार दत्तारामला शिवला आणि त्याने पापण्या अधिक घट्ट आवळल्या, इतक्या की आत लाल-हिरवे ठिपके नाचायला लागले.

"बोला, पुंडलिक वरदे!" म्हणून बुवांनी डोळे उघडवले तेव्हा फरशी ओली आणि स्वच्छ होती. चादरीचा काठ आत दुमडलेला होता. आनंदीबाई आपल्या जागी बसलेल्या होत्या, पदराचा बोळा मांडीत, दोन्ही हातांनी झाकलेला. डोकं उघडं पडलं होतं, विरळ पांढरे केस चपटे झाले होते. कीर्तन पुढे चाललं. जयकुमारभाई पाठीमागून वाकले, दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी पुटपुटले, "मान गए, दत्तारामभाई. खुद की माँ को भी नहीं छोड़ा. ऐसाच सेक्रेटरी मांगता." आणि दत्तारामला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

आरती झाली. बुवा बुक्क्याची वाटी घेऊन उभे राहिले आणि मंडळी एकेक करून पाया पडायला पुढे सरकू लागली. दत्ताराम पहिला. त्याच्या मागोमाग आई, नीलिमाच्या हाताला धरून, नीलिमाने आपली शाल तिच्या अंगावर टाकलेली. दत्ताराम वाकला, उठला, कपाळ पुढे केलं. बुवांचं बोट बुक्क्यात होतं, पण वर येईना. मग बुवा त्याच्या कानाजवळ आले आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू, अगदी मायेने, म्हणाले, "साहेब, डोले मिटाला सांगितलं ते परक्यांना."

दत्तारामने झटकन मागे बघितलं. त्याला वाटलं, नीलिमाने ऐकलं. ऐकलं होतं आईने. तिचे कान अजून तिखट होते. ती पुढे झाली, शालीखालून हात काढून बुवांच्या पायाशी नेला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "त्याला बोल लावू नका बुवा. तो उठत होता. मीच दटावलं त्याला. म्हटलं, माझी शपथ आहे, उठशील तर."

साऱ्या जन्मात देवासमोर ती खोटं बोलली नव्हती. एकादशीला चुकून धान्याचा कण तोंडात गेला तरी सांगून टाकायची. बुवांनी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. थांबले. नीलिमाही थांबली. मागची रांग थांबली.

"हो," दत्ताराम म्हणाला. "आईनेच शपथ घातली."

"बरं," लवूबुवा म्हणाले, आणि त्याला बुक्का लावला.